कर्णबधिर साक्षीदारासाठी दुभाषी मिळवताना: पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत

माझी ताई जन्मापासून कर्णबधिर आहे. भारतीय सांकेतिक भाषा हीच तिची रोजची भाषा. ऑगस्ट २०२४ मध्ये भर रस्त्यात दुचाकीवरून आलेल्या दोघांनी तिचं मंगळसूत्र हिसकावलं. फिर्यादी तीच आणि मुख्य साक्षीदारही तीच. पोलीस ठाणं, ओळख परेड, जिल्हा रुग्णालय, विधी सेवा प्राधिकरण करत करत नोव्हेंबर २०२५ मध्ये तिची साक्ष झाली. या वाटेवर काय लागतं आणि कुठे अडतं, ते क्रमाने लिहीत आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. कायद्यात दुभाषीची तरतूद आहे, पण दुभाषी आपोआप कुठेच येत नाही. प्रत्येक कार्यालयात, प्रत्येक टप्प्यावर तो लेखी मागावा लागतो. मागणी तारखेच्या बरीच आधी द्यायची, तिच्यात कलम लिहायचं आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं बदली झालेल्या अधिकाऱ्याबरोबर निघून जातं.

पहिला टप्पा फिर्यादीचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार ईमेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र ३ दिवसांच्या आत जाऊन तिच्यावर सही करावी लागते. कर्णबधिर माणसाला याचा मोठा उपयोग होतो, कारण काउंटरवरची तोंडी प्रश्नोत्तरं टळतात आणि शांतपणे, कुणाची तरी मदत घेऊन तक्रार लिहिता येते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती तिथेच मागून घ्या आणि सही करण्याआधी त्यातलं प्रत्येक वाक्य खुणांनी समजावून सांगा.

याच कलमात एक परंतुक, म्हणजे जोडून दिलेली खास तरतूद, आहे: दिव्यांग व्यक्तीची फिर्याद तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत घ्यायची आणि तिचं चित्रीकरण करायचं. पण ते लैंगिक आणि त्या स्वरूपाच्या ठरावीक गुन्ह्यांपुरतं आहे. हिसकावून केलेली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली येते, म्हणजे त्या यादीबाहेर. ठाण्यात हेच उत्तर मिळतं आणि ते चूक नसतं. अशा वेळी आधार घ्यायचा तो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या कलम १२ चा. दिव्यांग व्यक्तीची साक्ष, म्हणणं किंवा मत तिच्या पसंतीच्या भाषेत आणि संवादाच्या तिच्या पद्धतीने नोंदवण्यासाठी लागणाऱ्या सोयी सरकारने उपलब्ध करून द्यायच्या, असं ते कलम सांगतं. आमच्या अर्जात एवढंच होतं: फिर्यादी कर्णबधिर आहे, तिची भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, सविस्तर जबाब दुभाषीच्या मदतीने घ्यावा आणि त्याचं चित्रीकरण व्हावं.

जबाब घरी घेता येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तसंच दिव्यांग व्यक्तीला, जबाबासाठी राहत्या घराखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही. स्वतःहून जायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. घरच्या जबाबाचा फायदा उजेडाचा. सांकेतिक भाषा डोळ्यांनी ऐकायची असते. दुभाषीच्या पाठीशी खिडकी असेल तर त्याचे हात आणि चेहरा काळपट दिसतो आणि अर्धी वाक्यं निसटतात. म्हणून दुभाषीला भिंतीकडे पाठ करून बसवायचं, जबाब घेणारे अधिकारी त्याच्या शेजारी आणि ताई समोर. मोबाईलने चित्रीकरण करताना चौकटीत दोघांचेही हात कंबरेपासून डोक्यापर्यंत दिसले पाहिजेत. नुसता चेहरा घेतलेलं चित्रीकरण पुढे काहीच सिद्ध करत नाही.

जबाबात नेमकेपणा कुठे लागतो, त्याचं एक उदाहरण देते. "मागून आले आणि ओढलं" हे ताईने एकाच हालचालीत सांगितलं: डाव्या हाताची बोटं चालणारी बाई, उजवा हात तिच्या मागून उजवीकडून येणारी दुचाकी, मग गळ्याजवळून पुढे जाणारी मूठ. दिशा, बाजू, कोण चालवत होतं आणि कुणी ओढलं, सगळं त्यात होतं. कागदावर मात्र "मोटरसायकलवरून आलेल्या इसमांनी मंगळसूत्र ओढले" एवढंच उतरलं. दुभाषीने थांबवून बाजू, दिशा आणि मागे बसलेल्याचा हात हे तीन तपशील लिहून घ्यायला लावले. उलटतपासणीतला निम्मा वेळ पुढे याच तपशिलांवर गेला.

मान डोलावण्याबद्दलही सुरुवातीलाच सांगून ठेवावं लागतं. प्रश्न समजतोय, पुढे बोला, या अर्थाने बहुतेक कर्णबधिर माणसं मान हलवत राहतात. लिहिणारा ते "होय" म्हणून टिपतो. दुभाषी उत्तर बोलून सांगेपर्यंत काहीही लिहू नये, हे अधिकाऱ्यांना आधीच स्पष्ट सांगा.

आरोपी पकडले गेल्यावर सप्टेंबरात ओळख परेड झाली. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ मध्ये यासाठी थेट तरतूद आहे. ओळखणारी व्यक्ती दिव्यांग असेल तर परेड दंडाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली व्हावी, त्या व्यक्तीला सोयीच्या पद्धतीने ओळख पटवू द्यावी आणि त्याचं ध्वनिचित्रमुद्रण करावं. परेडमध्ये दुभाषीने रांगेकडे पाठ करून उभं राहायचं. त्याची नजर कुणावर गेली आणि साक्षीदाराने त्यालाच दाखवलं, असा आक्षेप नंतर येऊ शकतो. सगळ्या सूचना रांग दिसण्याआधी, बाहेरच समजावून घ्यायच्या. आत गेल्यावर फक्त बोट.

हे चालू असताना प्रमाणपत्राचा प्रश्न समोर आला. ताईकडे लग्नाआधीचं, हाताने लिहिलेलं अपंगत्व प्रमाणपत्र होतं. विधी सेवा प्राधिकरणाकडे आणि कोर्टात जोडायला ऑनलाइन पडताळता येणारं वैश्विक ओळखपत्र, म्हणजे युडीआयडी कार्ड, हाताशी असावं असं वकिलांनी सुचवलं. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रं स्वावलंबन पोर्टलवरूनच दिली जातात. अर्जाला पैसे लागत नाहीत. सायबर कॅफेवाला घेतो ती फक्त त्याची मजुरी.

अर्जात तीन ठिकाणी हमखास अडतं. पहिलं नाव. आधारवर सासरचं नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि जुन्या प्रमाणपत्रावर माहेरचं. विवाह नोंदणीचा दाखला सोबत नसेल तर अर्ज परत येतो. दुसरं, फोटो आणि सही अगदी कमी केबीत बसवावी लागते. मर्यादा फॉर्मवरच लिहिलेली असते. मोबाईलवरचा मूळ फोटो चालत नाही. तिसरं मोबाईल नंबर, आणि आपल्या दृष्टीने हेच सगळ्यात महत्त्वाचं. ओटीपी आणि संदेशासाठी ताईचा नंबर योग्य, पण रुग्णालयातून तपासणीची वेळ कळवायला फोन येतो. तो उचलला गेला नाही की वेळ दुसऱ्याला जाते. अर्जाची छापील प्रत रुग्णालयाच्या दिव्यांग कक्षात नेऊन तिच्यावर पेनाने "अर्जदार कर्णबधिर आहे, फोन करू नये, व्हॉट्सॲपवर कळवावे" असं लिहून ऐकू येणाऱ्या नातेवाइकाचा नंबर द्यावा. याने काम झालं.

तपासणीला जाताना अर्जाची पावती, आधार, रेशन कार्ड, फोटो, जुनं प्रमाणपत्र आणि लहानपणापासूनचे जेवढे सापडतील तेवढे ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचे आलेख, न्यावेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरसह तपासणी मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या विभागाखाली येत नाहीत, तिथे पैसे पडतात. कान-नाक-घसा विभागात नंबर ओरडून पुकारला जातो. केस पेपरच्या वरच्या कोपऱ्यात "कर्णबधिर, हाताने खूण करून बोलवावे" असं नर्सकडून लिहून घ्या.

आधी डॉक्टर कान पाहतात. मळ असेल तर काढून पुन्हा यायला सांगतात. सर्दी झालेली असेल तरी तपासणी पुढे ढकलावी, कारण मधल्या कानातल्या अडथळ्याने आकडे बदलतात. त्यानंतर ध्वनिरोधक खोलीतली शुद्ध स्वर चाचणी. हेडफोन लावतात, ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्‌झचे स्वर वेगवेगळ्या तीव्रतेने सोडतात. ऐकू आला की बटण दाबायचं. श्रवणयंत्र आधीच काढून ठेवायचं.

इथेच दुभाषी नसेल तर चाचणी बिघडते. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणचाचणी घेणारे तज्ज्ञ, काचेपलीकडून, बऱ्याचदा मास्क लावून सूचना देतात, त्यामुळे ओठ दिसत नाहीत. एका कानाची चाचणी चालू असताना दुसऱ्या कानात मुद्दाम वाऱ्यासारखा आवाज सोडतात, तो त्या कानाने मदत करू नये म्हणून. ज्याला थोडंफार ऐकू येतं तो या आवाजालाच बटण दाबतो. ज्याला काहीच ऐकू येत नाही त्याची अडचण निराळी. मोठ्या तीव्रतेचा खालच्या पट्टीतला स्वर, विशेषतः कानामागच्या हाडावर यंत्र ठेवून दिलेला, कंप म्हणून त्वचेला जाणवतो आणि "काहीतरी आलं" म्हणून बटण दाबलं जातं. मग कागदावर प्रत्यक्षापेक्षा चांगलं ऐकू येत असल्याचे आकडे उमटतात, किंवा उत्तरांत मेळ नाही असा शेरा पडतो. खोलीत शिरण्याआधी खुणांनी दोन गोष्टी समजावून सांगा: फक्त ऐकू आलं तरच दाबायचं, नुसतं जाणवलं तर नाही, आणि वाऱ्याचा आवाज सोडून द्यायचा. ऑडिओलॉजिस्टनाही हे सांगितलं तर ते वेळ देतात.

उत्तरांत मेळ बसला नाही तर बेरा चाचणी सांगतात, ज्यात आवाजाला मिळणारा मेंदूचा प्रतिसाद यंत्रच टिपतं. कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड लावून शांत पडून राहायचं असतं, उत्तर द्यायचं नसतं. ती सोय सगळीकडे नसते. मोठ्या रुग्णालयात पाठवलं की तारीख काही आठवड्यांनी मिळते. ताईला तिकडे जावं लागलं आणि तेवढा वेळ गेला.

टक्केवारी कशी काढतात हे माहीत असलं की आलेला आकडा तपासता येतो. दोन्ही कानांच्या श्रवणदोषाची टक्केवारी वेगळी काढतात. ज्या कानाने जास्त ऐकू येतं त्याच्या टक्केवारीला ५ ने गुणायचं, दुसऱ्या कानाची टक्केवारी त्यात मिळवायची आणि बेरजेला ६ ने भागायचं. एक कान ७० टक्के आणि दुसरा १०० टक्के असेल तर ३५० अधिक १००, भागिले ६, म्हणजे ७५ टक्के. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा जास्त श्रवणदोष असेल तर कायद्याच्या भाषेत "बधिर", ६० ते ७० असेल तर "ऐकू येण्यास कठीण". निर्णय पटला नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं. आम्ही अर्ज केल्यानंतर, ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले. आता प्रमाणपत्राच्या अर्जावर निर्णयासाठी ३ महिन्यांची मुदत आहे आणि कार्डाचे रंग टक्केवारीवर ठरतात: ४० च्या आत पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० पासून पुढे निळा. छापील कार्ड पोस्टाने यायला वेळ लागतो. पोर्टलवरून उतरवलेलं ई-कार्ड अर्जांना जोडता येतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ई-कार्ड हातात आलं आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत विधी साहाय्य मिळतं आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तरी खिडकीवर उत्पन्नाचा दाखला मागितला जातो. तेव्हा न वाद घालता कलमाची झेरॉक्स पुढे करावी. फौजदारी खटला सरकार चालवतं, साक्षही सरकारी वकीलच घेतात, पण फिर्यादीच्या बाजूने मदतीला वकील देता येतो आणि दुभाषीच्या मानधनाचा विषयही इथेच मांडता येतो. प्राधिकरणाचा देशभरचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. कर्णबधिर व्यक्तीच्या वतीने दुसऱ्याने लावावा.

दुभाषी शोधणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम. मुंबई-पुण्याबाहेर प्रशिक्षित दुभाषी फार थोडे आहेत. दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र, वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था, जिल्ह्यातली कर्णबधिर विद्यालयं आणि कर्णबधिरांच्या संघटना, या चार ठिकाणी एकाच वेळी विचारावं. दुभाषीचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. तो केलेल्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो नोंदणी क्रमांक अर्जात लिहिला की कोर्टाला पात्रतेबद्दल विचारावं लागत नाही.

नातेवाइकाने दुभाषी होऊ नये. मला ताईच्या खुणा कुणाहीपेक्षा चांगल्या कळतात, पण कोर्टात माझ्या तोंडून आलेल्या प्रत्येक वाक्यावर "हे बहिणीचं म्हणणं आहे" हा आक्षेप आला असता. त्रयस्थ माणूसच हवा. मात्र तारखेच्या आधी दुभाषी आणि साक्षीदाराची भेट घडवा. महिने, वार, नातीगोती, गावांची नावं यांच्या खुणा शहरागणिक बदलतात. ताई शिकली ती शाळा तोंडाने बोलायला शिकवणारी. खुणा तिला वसतिगृहातल्या मैत्रिणींकडून मिळाल्या. मुंबईच्या दुभाषीला त्यातल्या काही नव्या होत्या. भेटीत गप्पा मारायच्या, खटल्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. घरगुती खुणांवरच वाढलेला साक्षीदार असेल तर एक कर्णबधिर दुभाषी मध्ये घ्यावा लागतो: त्याने साक्षीदाराच्या खुणा समजून प्रमाण सांकेतिक भाषेत सांगायच्या आणि ऐकू येणाऱ्या दुभाषीने त्या मराठीत. ही गरज असेल तर ती अर्जातच लिहावी, ऐनवेळी मान्य होत नाही.

समन्स आल्याबरोबर सरकारी वकिलांमार्फत कोर्टात अर्ज गेला. आधार भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मधलं कलम १२५. बोलू न शकणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो. ते लिखाण आणि त्या खुणा उघड्या न्यायालयात झाल्या पाहिजेत. ती तोंडी साक्षच मानली जाते. आणि साक्षीदार तोंडी संवाद साधू शकत नसेल तर कोर्टाने दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि जबाबाचं चित्रीकरण करायचं, हे बंधनकारक आहे. अर्जात आम्ही चार विनंत्या केल्या: दोन दुभाषी, चित्रीकरणाची व्यवस्था, मानधन आणि प्रवासखर्च कुणी द्यायचा याचा आदेशात उल्लेख, आणि दुभाषीला सोयीची तारीख. दोन दुभाषी अशासाठी, की सलग अर्ध्या तासानंतर थकव्याने अचूकता घसरते. जोडीने काम केलं की आळीपाळीने विश्रांती मिळते. बाहेरगावचा दुभाषी येऊ शकत नसेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची मागणी करता येते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कर्णबधिर वकिलांच्या सुनावणीत ऑनलाइन दुभाषीला परवानगी दिली होती. पण पडदा मोठा आणि इंटरनेट अखंड हवं. चित्र एक क्षण अडकलं तरी खूण हरवते.

एक तारीख चित्रीकरणाची सोय नसल्याने पुढे गेली. अशा वेळी "दुभाषी हजर होते, चित्रीकरणाअभावी साक्ष झाली नाही" अशी नोंद रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, करून घ्यावी. त्या दिवसाच्या मानधनाचा तोच पुरावा.

साक्षीच्या दिवशी आधी दुभाषींची शपथ झाली. शपथ अधिनियम, १९६९ प्रमाणे साक्षीदाराइतकीच दुभाषीलाही शपथ घ्यावी लागते. ताईची शपथ खुणांनी. मग जागा. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातला कठडा छातीपर्यंत येतो आणि हात झाकतो. न्यायाधीशांना विनंती केल्यावर ताईला पिंजऱ्याबाहेर खुर्ची मिळाली. दुभाषी व्यासपीठाच्या बाजूला, ताईच्या समोर, गडद एकरंगी कपड्यांत. नक्षीदार साडीवर किंवा चौकड्याच्या शर्टावर बोटं नीट दिसत नाहीत, म्हणून दुभाषीला हे आधी कळवा.

सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, सरळ पार पडली. उलटतपासणीत प्रश्नांची घडणच अडचणीची असते. "तुम्ही आरोपीला त्यापूर्वी पाहिलं नव्हतं, हे म्हणणं खरं आहे की नाही?" याला "हो" आलं तर पाहिलं होतं की नव्हतं? सांकेतिक भाषेत असा दुहेरी प्रश्न उतरत नाही. दुभाषीने न्यायाधीशांकडे पाहून, प्रश्न एकेरी करून मिळावा अशी विनंती केली आणि ती मान्य झाली. दुभाषीने स्वतःहून प्रश्न सोपा करायचा नाही, साक्षीदाराला समजावत बसायचं नाही. अडलं की कोर्टालाच सांगायचं. त्याच्या आणि साक्षीदाराच्या खुणांची देवाणघेवाण लांबली की समोरचे वकील लगेच आक्षेप घेतात, आणि तो रास्तही असतो. दिशेचा प्रश्न आला तेव्हा ताईने पूर्वीचीच हालचाल केली: मागून, उजवीकडून, मूठ पुढे. न्यायाधीशांनी ती हालचाल जशी दिसली तशी शब्दांत नोंदवून घेतली आणि पुढे दुभाषीचं वाक्य लिहिलं. ही नोंद मागून घ्यावी. केवळ भाषांतर लिहिलं गेलं तर ते दुभाषीचे शब्द म्हणून बाजूला सारता येतं. खुणेचं वर्णन आणि चित्रीकरण सोबत असेल तर तसं करता येत नाही.

साक्ष संपल्यावर टंकलेला जबाब साक्षीदाराला वाचून दाखवतात. तोपर्यंत संध्याकाळ झालेली असते, सगळे घाईत असतात आणि कागद सहीसाठी थेट पुढे सरकवला जातो. तो पूर्ण जबाब दुभाषीकडून खुणांनी समजून घेतल्याशिवाय सही करायची नाही. ताईच्या जबाबात एका ठिकाणी "डावीकडून" पडलं होतं, ते याच वेळी दुरुस्त झालं.

निघताना साक्षीदाराचा भत्ता आणि दुभाषींच्या हजेरीचा दाखला कोर्टातून त्याच दिवशी घ्यावा. मानधनाचं बिल प्राधिकरणाकडे देताना आदेशाची प्रमाणित प्रत, हजेरीचा दाखला आणि दुभाषीच्या बँक पासबुकाची झेरॉक्स लागते. रक्कम यायला काही आठवडे जातात, तोवर प्रवासखर्च आपल्याला पुढे करावा लागतो. आदेशाची एक जादा प्रमाणित प्रत आम्ही ताईच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटाला दिली आहे. याच कोर्टात पुढचा कुणी कर्णबधिर साक्षीदार आला तर त्याच्या अर्जाला ती जोडता येईल.